आहारतज्ज्ञाची पदवी आणि वॉर्डातले तास

६० किलो वजनाचा रुग्ण. अर्धांगवायूचा झटका आलेला, गिळता येत नाही म्हणून नाकातून नळी घातलेली. पुस्तकातला हिशेब सरळ आहे. किलोमागे २५ ते ३० किलोकॅलरी, म्हणजे दिवसाला १५०० ते १८००. प्रथिनं किलोमागे १.२ ग्रॅम, म्हणजे ७२ ग्रॅम. कागदावर आहार लिहिला जातो: दर दोन तासांनी २०० मिली, दिवसातून आठ वेळा, एका मिलीत एक किलोकॅलरी. एकूण १६००. परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतात.

त्याच दिवशी वॉर्डात वेगळंच घडतं. सीटी स्कॅनसाठी रुग्णाला उपाशी ठेवलं, दोन फीड चुकले. संध्याकाळी पोट फुगल्यासारखं वाटलं म्हणून सिस्टरने आणखी एक थांबवलं. उरले पाच, म्हणजे १००० मिली. त्यातही स्वयंपाकघरातलं मिश्रण नळीतून उतरेना म्हणून कोणीतरी पाणी घालून ते पातळ केलेलं, त्यामुळे मिलीमागे ०.६ किलोकॅलरीच राहिली. रुग्णाच्या पोटात प्रत्यक्ष गेल्या ६०० किलोकॅलरी. असं आठवडाभर चाललं की स्नायू झिजतात, खोकून कफ बाहेर टाकायची ताकद जाते, पाठीवरची जखम भरत नाही. यात हलगर्जीपणा कोणाचाच नसतो. प्रत्येकाने आपापल्या जागी वाजवी वाटेल तेच केलेलं असतं. लिहिलेला आहार आणि पोटात गेलेला आहार यांतलं अंतर रोज सकाळी मोजणारा माणूस मात्र तिथे नसतो.

आहारतज्ज्ञ म्हणजे तो माणूस. आणि हे काम वर्गात बसून येत नाही. ते रुग्णापाशी, कोणाच्या तरी देखरेखीखाली, तासन्‌तास करूनच येतं. म्हणून या पदवीची किंमत तिच्यातल्या पेपरांच्या संख्येवरून करू नये, विद्यार्थ्याने रुग्णांसोबत काढलेल्या तासांवरून करावी, असं माझं ठाम मत आहे. महाराष्ट्रात आज हे तास फार थोडे आहेत. ते वाढवायची संधी आत्ता आहे, कारण या व्यवसायाचे नियम आत्ता कुठे घडत आहेत.

२०२१ साली संसदेने ‘नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स’ कायदा केला. फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्नॉलॉजिस्ट अशा पन्नासहून अधिक व्यवसायांसोबत डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट यांचाही त्यात समावेश आहे. कायद्याने आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३६०० तासांचं शिक्षण ठरवलं, ते तीन ते सहा वर्षांत पूर्ण व्हायचं आहे. राज्यांनी आपापल्या परिषदा स्थापून नोंदणी सुरू करायची, अशी त्याची रचना आहे. त्याआधी या क्षेत्रात जी काही शिस्त होती ती व्यवसायाने स्वतःहून पाळलेली. १९६३ साली स्थापन झालेली इंडियन डाएटेटिक असोसिएशन ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ची परीक्षा घेते आणि त्यासाठी पदव्युत्तर शिक्षणानंतर रुग्णालयातली सहा महिन्यांची इंटर्नशिप मागते. ही नोंदणी ऐच्छिक आहे. ती न करता कोणी दवाखाना थाटला तर या असोसिएशनच्या हाती त्याला रोखायचा अधिकार नाही.

आता तासांचं गणित मांडू. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत ऑन जॉब ट्रेनिंग, ज्याला सगळे ओजेटी म्हणतात, ते साधारण चार क्रेडिटचं असतं. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास. रोज सहा तास धरले तर वीस दिवस. या वीस दिवसांत विद्यार्थिनी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातली ताटं मोजते, डाएट कार्ड भरते, राउंडला मागे उभी राहते, आणि एखाद्या रुग्णाचं नाव लक्षात राहू लागतं तोवर तिचा काळ संपतो. अमेरिकेत नोंदणीकृत डाएटिशियन व्हायला किमान १००० तास देखरेखीखालचा सराव लागतो, आणि १ जानेवारी २०२४ पासून त्याला पदव्युत्तर पदवीचीही जोड द्यावी लागते. ब्रिटनमध्ये ‘डाएटिशियन’ हे बिरुद कायद्याने राखीव आहे, नोंदणीशिवाय ते लावणं गुन्हा ठरतो. मुंबई-पुण्यातून पदवी घेऊन परदेशी गेलेल्या मुलींना तिथे अडतं ते बहुधा याच तासांपाशी. बायोकेमिस्ट्रीच्या गुणांवरून कोणी फारसं अडवत नाही.

कोणी म्हणेल, आपल्याकडच्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपचेही हजार तास भरतात. भरतात, २६ आठवडे, आठवड्याला ४२ तास धरले तर १०९२. मात्र ती पदवीचा भाग नाही. पदवीनंतर, बहुतेकदा बिनपगारी, स्वतः धडपडून मिळवलेली. शिवाय त्या तासांत नेमकं काय करायचं हे ठरलेलं नसतं. ज्या रुग्णालयात आठशे खाटांना दोनच डाएटिशियन आहेत, तिथे इंटर्न म्हणजे कामाला मिळालेले जादा हात. तिच्याकडून रोज साठ रुग्णांची कार्डं लिहून घेतली जातात. त्यातल्या एकाही रुग्णाचं तिने केलेलं मूल्यमापन कोणी तपासत नाही, चुकलं तर सांगत नाही. असे हजार तास काढूनही शिक्षण होत नाही. त्यामुळे तास वाढवा म्हणताना ते कशाचे आणि कोणाच्या देखरेखीखालचे, हेही सांगायला हवं.

त्याआधी एका मोहाबद्दल बोललं पाहिजे. अभ्यासक्रम ‘क्लिनिकल’ करायचा म्हटलं की पहिली कुऱ्हाड स्वयंपाकाच्या प्रयोगशाळेवर पडते. होम सायन्सचा जुना वारसा, त्यातली चूल-ओटा-वजनकाटा यांची तासिका, हे सगळं मागासलेलं वाटतं. माझ्या मते ही मोठी चूक ठरेल. आपल्याकडची ही पदवी महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेल्या एसएनडीटी महिला विद्यापीठासारख्या संस्थांमधून, मुंबईतल्या निर्मला निकेतनसारख्या होम सायन्स महाविद्यालयांतून वाढली, आणि त्या परंपरेचं सर्वांत मोठं देणं म्हणजे अन्न हातात घेऊन तोलायची सवय. ती गेली तर उरेल तो सॉफ्टवेअरमधून छापलेला कागद.

एक साधं उदाहरण. रुग्ण सांगतो, ‘दोन वेळा जेवतो, दोन-दोनच खातो.’ दोन काय? पुण्यातल्या घरातला फुलका साधारण २५ ग्रॅम कणकेचा. घडीची पोळी ३५ ते ४० ग्रॅमची, वर तेल वेगळं. मराठवाड्यातली ज्वारीची भाकरी ७५ ग्रॅम पिठाची सहज असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३४ किलोकॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिनं असतात, गव्हाच्या पिठात सुमारे ३२० किलोकॅलरी आणि साडेदहा ग्रॅम प्रथिनं. म्हणजे दोन फुलके १६० किलोकॅलरी आणि पाच ग्रॅम प्रथिनं, तर दोन भाकरी ५०० किलोकॅलरी आणि पंधरा ग्रॅम प्रथिनं. जिने दोन्ही स्वतः थापून, लाटून, कच्च्या पिठाचं वजन करून पाहिलेलं नाही, ती विद्यार्थिनी दोन्ही ठिकाणी ‘पोळी/भाकरी २’ असंच लिहिणार. पुढचा सगळा हिशेब, मग तो कितीही अचूक असो, त्या एका ओळीवर उभा असतो.

आमटीचंही तसंच. ‘एक वाटी डाळ’ म्हटलं की तक्ता ३० ग्रॅम कच्ची डाळ गृहीत धरतो. घट्ट वरणाची वाटी असेल तर ते बरोबर आहे. पातळ आमटीच्या वाटीत १०-१२ ग्रॅम डाळ असते, वसतिगृहाच्या आमटीत त्याहून कमी. तूरडाळीत साधारण २२ टक्के प्रथिनं धरली तर साडेसहा ग्रॅम समजलं होतं तिथे अडीच ग्रॅम निघतात. मोठ्या माणसाची शिफारस राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली किलोमागे ०.८३ ग्रॅम ठेवली आहे. ५५ किलोच्या बाईला त्या हिशेबाने ४६ ग्रॅम लागतात. तिच्या रोजच्या दोन वाट्यांत आठ ग्रॅमची चूक झाली तर कागदावर भरलेली गरज प्रत्यक्षात भरलेली नसते. फोडणीत ‘एक पळी’ तेल म्हणजे किती, हे त्या घरची पळी मोजल्याशिवाय कळत नाही. चहाचा चमचा तेल साडेचार-पाच ग्रॅम, म्हणजे ४०-४५ किलोकॅलरी. पळी त्याच्या पाचपट असू शकते.

वर नळीतून न उतरणाऱ्या मिश्रणाचा उल्लेख आला. त्याचं उत्तरही स्वयंपाकघरातच आहे. नाचणी किंवा गव्हाला मोड आणून, वाळवून, हलकं भाजून केलेल्या पिठात अमायलेज हे विकर (एन्झाइम) असतं. शिजवलेली दाट लापशी गरम असताना, उकळी मात्र थांबल्यावर, त्यात हे पीठ चमचाभर ढवळलं की स्टार्चचे लांब रेणू तुटतात आणि पाणी न घालता लापशी ओघळू लागते. उकळत्यात घातलं तर विकर मरतं आणि काहीच होत नाही. पीठ जास्त भाजलं तरी तेच. ही गोष्ट अन्नविज्ञानाच्या पुस्तकात अर्ध्या ओळीत सापडते. ती गाळणी, घड्याळ आणि थर्मामीटर घेऊन करून पाहिलेल्या विद्यार्थिनीला वॉर्डात आठवते, नुसती वाचलेल्या विद्यार्थिनीला आठवत नाही. पातळ झालेलं मिश्रण दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही, फीडच्या आधी आणि नंतर ३० मिली पाण्याने नळी धुवायची, रुग्णाचं डोकं ३० ते ४५ अंश उंच ठेवायचं, हे मात्र सिस्टरसोबत उभं राहूनच अंगवळणी पडतं. म्हणून ओटा आणि वॉर्ड दोन्ही हवेत.

किडनीचा आजार ही या शिक्षणाची खरी कसोटी आहे. डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिनं कमी ठेवावी लागतात, किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ३६ ते ४८ ग्रॅम. डायलिसिस सुरू झालं की गरज उलटी फिरते, १.० ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० ते ७२, कारण प्रत्येक डायलिसिसमध्ये अमिनो आम्लं वाहून जातात. हा बदल झालेला रुग्णाला कोणी सांगतच नाही, हे वारंवार दिसतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याला डायलिसिस मोफत मिळतं, पण खिशात जुना कागद असतो. ‘डाळ बंद, अंडं बंद’ हे तो निष्ठेने पाळत राहतो आणि महिन्यामागून महिने सुकत जातो. अंगावर पाणी धरल्यामुळे काट्यावर वजन तेवढंच दिसतं. त्यामुळे डायलिसिसनंतरचं कोरडं वजन बघायचं, दंडाचा घेर मोजायचा, हे शिकवावं लागतं.

मग पोटॅशियम. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायचं, हे बहुतेकींना माहीत असतं. भेटायला येणारे नातेवाईक शहाळं घेऊन येतात आणि त्या पाण्यात भरपूर पोटॅशियम असतं, हे रुग्णाच्या उशाशी उभं राहिलं की दिसतं. मीठ कमी करा म्हटल्यावर घरचे सैंधव आणतात. तेही सोडियम क्लोराइडच. त्याहून धोक्याचं म्हणजे दुकानातलं ‘लो सोडियम’ मीठ, ज्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. रक्तदाबाच्या रुग्णाला जे चालेल ते किडनीच्या रुग्णाचं हृदय बंद पाडू शकतं. ‘घरी कोणतं मीठ आहे? पाकीट दाखवा’ हा प्रश्न विचारायची सवय कोणत्याही पेपरातून लागत नाही.

आपल्या उपासांचंही हेच आहे. मधुमेहाचा रुग्ण गोळ्या घेतो, त्यात सल्फोनिलयुरिया गटाची, म्हणजे पोट रिकामं असलं तरी साखर उतरवणारी, गोळी असते. एकादशीला तो गोळी घेतो आणि दुपारपर्यंत काही खात नाही. साखर खाली येते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात. त्यावर उपाय १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यातून, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. मग संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च असल्याने साखर उलट्या टोकाला जाते. ‘उपास करू नका’ असं सांगणारी आहारतज्ज्ञ त्या रुग्णाला पुन्हा दिसत नाही. जी विचारते, कोणता उपास, निर्जळी की फराळी, गोळी कोणती, किती वाजता, आणि मग डॉक्टरांशी बोलून त्या दिवसाची गोळी बदलून घेते, साबुदाण्याऐवजी वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, ताक अशी मांडणी करून देते, तिच्याकडे तो परत येतो. रुग्णाशी बोलणं हा कौशल्याचा विषय आहे आणि तोही देखरेखीखालीच शिकायचा असतो.

आता, माझ्या मते रुग्णांसोबतचं हे शिक्षण कसं असावं. पदवीतच, शेवटचं संपूर्ण वर्ष, ४८ कामाचे आठवडे. दहा आठवडे मेडिसिन आणि मधुमेह. सहा किडनी आणि डायलिसिस. आठ शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता. सहा बालरोग, त्यातले निदान तीन पोषण पुनर्वसन केंद्रात, जिथे अतितीव्र कुपोषित मुलांवर उपचार होतात. चार प्रसूती विभाग. सहा रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात, तेही ताटं मोजायला नव्हे, तर खरेदी, साठवण, मेनू, उरलेल्या अन्नाचं वजन आणि स्वच्छता शिकायला. उरलेले आठ गावात आणि वस्तीत. एका देखरेख करणाऱ्या आहारतज्ज्ञाकडे चारपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत. प्रत्येक विद्यार्थ्याने किमान ४० रुग्णांचं संपूर्ण मूल्यमापन लिहावं, आणि त्यातल्या पंधरांचा निदान तीनदा पाठपुरावा केलेला असावा. पाठपुरावा ही अट मी मुद्दाम घालतो आहे. पहिल्या भेटीत आहार लिहिणं सोपं असतं. दुसऱ्या भेटीत तो का पाळला गेला नाही हे कळतं, आणि तिसऱ्या भेटीत आपण काय चुकीचं लिहिलं होतं ते कळतं.

नोंद कशी लिहायची हेही घासून घ्यायला हवं. ‘उच्च प्रथिन आहार दिला’ ही नोंद नव्हे. ‘तीन दिवसांच्या नोंदीनुसार प्रथिनं दिवसाला २८ ग्रॅम, गरज ६५, कारण तोंड आलेलं, घट्ट अन्न गिळता येत नाही, उपाय मऊ भात, मऊ अंडं, दही, दुधाची लापशी, तीन दिवसांनी पुन्हा नोंद’ ही नोंद. पहिलीवरून पुढच्या पाळीतल्या माणसाला काही करता येत नाही, दुसरीवरून येतं.

गावातल्या आठ आठवड्यांवर माझा विशेष आग्रह आहे. शहरातल्या आहारतज्ज्ञाला वाटतं की आपलं काम वजन कमी करायचं. मेळघाटात किंवा नंदुरबारमध्ये ते काम दंडाची फीत घेऊन सुरू होतं. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे अतितीव्र कुपोषण. असं सहा किलोचं मूल आजारी अवस्थेत केंद्रात दाखल झालं की सुरुवातीचं दूध एफ-७५, १०० मिलीत ७५ किलोकॅलरी. अंगावर सूज नसेल तर दिवसाला किलोमागे १३० मिली. ७८० मिली, बारा वेळांत वाटून दर दोन तासांनी ६५ मिली, रात्रीसुद्धा. इथे नवख्या माणसाची चूक होते ती दयेपोटी. मूल इतकं वाळलंय, जास्त द्यावं असं वाटतं. एकदम जास्त दिलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं, हृदयावर ताण येतो, आणि मूल खाता खाता दगावू शकतं. मोठ्या माणसातही तेच. दहा-बारा दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या ४५ किलोच्या रुग्णाला पहिल्या दिवशी किलोमागे १० किलोकॅलरी, म्हणजे ४५०, त्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व), रोज फॉस्फेटची तपासणी, आणि चार ते सात दिवसांत हळूहळू वाढ. हात आखडता घेणं हा उपचार असतो, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही.

अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. ते ताट आठवडाभर रोज वजन करून बघणं, किती खाल्लं, किती घरी नेलं, घरी नेलेलं कोणी खाल्लं, हे विचारणं, लोहाची गोळी चहासोबत घेतली जाते का हे पाहणं, यातून विद्यार्थिनीला जे कळेल ते सामुदायिक पोषणाच्या दोन पेपरांतून कळणार नाही.

या मागणीवर सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे, आणि तो मी मनापासून मान्य करतो. या अभ्यासक्रमात बहुसंख्य मुली आहेत. अनेकींच्या घरी तिसऱ्या वर्षानंतर ‘आता पुरे’ म्हणणारे लोक आहेत. आणखी एक वर्ष, तेही मुंबई-पुण्यात राहण्याचा खर्च करून, म्हणजे लातूर-वाशिमच्या मुलीने हे क्षेत्र सोडून द्यायचं. म्हणून विद्यावेतनाशिवाय हे वर्ष सक्तीचं करू नये. एमबीबीएसच्या इंटर्नला विद्यावेतन मिळतं ते तिच्या कामाचं मोल म्हणून. वॉर्डात साठ रुग्णांचे आहार लिहिणाऱ्या मुलीचं कामही रुग्णालयाला हवंच असतं. ते फुकट घेण्याची सवय आपण लावून घेतली आहे. आणि नेमणुका जिल्हा रुग्णालयांत, जिथली मुलगी तिथे जवळ, मिळाव्यात.

दुसरा आक्षेप असा की शिकवायला माणसं कुठे आहेत? जिल्हा रुग्णालयात एखादीच आहारतज्ज्ञ, कधी तेही पद रिक्त. हा आक्षेप खरा आहे, पण तो माझ्या बाजूचा आहे. शिकवणारी पदं भरली तर रुग्णांनाही आहारतज्ज्ञ मिळेल. महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनीही आठवड्यातले दोन दिवस वॉर्डात काढले पाहिजेत. डाएट थेरपी शिकवणाऱ्या व्यक्तीने अनेक वर्षांत रुग्ण पाहिलेला नसेल तर ती पुस्तकच शिकवणार. शिकवणारे आणि वॉर्ड मिळेपर्यंत प्रवेशाच्या जागा कमी करणं मला मान्य आहे. ऐंशी जणींना वीस-वीस दिवस देण्यापेक्षा तीस जणींना पूर्ण वर्ष द्यावं.

आरोग्यसेवेशी संबंधित विषयांसाठी दूरस्थ शिक्षणाचा मार्ग विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून बंद केला, त्यात अन्न व पोषणविज्ञान आणि क्लिनिकल न्यूट्रिशन-डाएटेटिक्स हे विषयही आले. हा निर्णय योग्य होता, जरी नोकरी करत शिकणाऱ्या अनेकींची त्याने अडचण झाली. काही आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर ‘न्यूट्रिशनिस्ट’ पाटी लावून डबे आणि पावडरी विकणाऱ्यांचा बंदोबस्त मात्र त्याने होत नाही. तो राज्य परिषदेच्या नोंदणीनेच होईल. आहाराचा सल्ला आणि उत्पादनाची विक्री एकाच टेबलावर होऊ नये, हा नियम परिषदेने पहिल्या दिवसापासून ठेवावा.

बारावीनंतर या पदवीचा विचार करणाऱ्यांनी, विशेषतः त्यांच्या पालकांनी, प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन विचारावं: रुग्णालयात किती तास पाठवता, कोणत्या वॉर्डांत, सही कोण करतं? प्रयोगशाळेतला वजनकाटा एक ग्रॅमपर्यंत मोजतो का, आणि तो चालू आहे का? मागच्या तुकडीतल्या मुलींच्या रुग्णनोंदी पाहायला मिळतील का? बारावीला रसायन आणि जीवशास्त्र असावं हेही मी सुचवेन. आम्ल-अल्कलीचा तोल किंवा इन्सुलिनचं काम समजल्याशिवाय वर सांगितलेलं काहीच नीट कळत नाही, आणि ते पदवीच्या पहिल्या वर्षी शून्यातून शिकवायला वेळ नसतो.

एक प्रश्न उरतो, तो आधीपासून काम करणाऱ्यांचा. जुन्या अभ्यासक्रमातून आलेल्या, वीस-वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या आहारतज्ज्ञ आज राज्यभर आहेत. नव्या तासांची अट त्यांच्यावर मागे जाऊन लादणं अन्याय होईल, आणि सरसकट सगळ्यांना नोंदणी देऊन टाकणं म्हणजे ज्यांनी कधी रुग्ण पाहिलाच नाही त्यांनाही आत घेणं होईल. मार्ग मधला आहे. परिषदेने तीन वर्षांची मुदत द्यावी. त्या काळात अर्जदाराने आपण स्वतः पाहिलेल्या वीस रुग्णांच्या पाठपुराव्यासह नोंदी सादर कराव्यात आणि वॉर्डात एका रुग्णाचं मूल्यमापन दोन परीक्षकांसमोर करून दाखवावं. ज्यांना ते जमणार नाही त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालयांत तीन महिन्यांचं पूरक प्रशिक्षण असावं, संध्याकाळच्या पाळीत, म्हणजे नोकरी सोडावी लागणार नाही. अनुभवी आहारतज्ज्ञांपैकी ज्या तयार असतील त्यांनाच पुढच्या तुकड्यांच्या देखरेखीचं काम, मानधनासह, सोपवावं.